जोडलेले हात

"या वर्षी तरी सलोनीला पालखीसमोर नेऊ नका हो, आई... मी पदर पसरते तुमच्यापुढे!"

सेजलने खरंच पदर पुढे केला होता, पण अंगण सारवून उठलेल्या सासूने, रंगूबाईंनी, तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. शिमग्याची पालखी खालच्या आळीत पोचली होती आणि उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत घरोघरी देवीची ओटी भरायची लगबग चालली होती.

"तिला नाय न्यायची तर कुणाला गो? सगळी वाडी तिलाच बघायला येते!"

गेल्या शिमग्यात ढोल-सनईचा खालूबाजा दारात आला आणि पाच वर्षांची सलोनी किंचाळत, अंग झोकून देत घुमली. त्यासरशी सगळ्यांनी हात जोडले... पोरीच्या अंगात देवी आली! हाक मारली तरी वळून न बघणारी, न बोलणारी ती अबोल नात एका दिवसात देवाची झाली आणि रंगूबाईंची मान ताठ झाली. सेजलच्या काळजातली कळ मात्र कुणाला दिसली नाही. सलोनी घरात मिक्सर सुरू झाला तरी तशीच किंचाळायची, आणि मिक्सरमध्ये काही देवी येत नाही!

अंगणवाडीच्या सारिकाताईंनी हळूच सुचवलं होतं, "महाडला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. ऑटिझम आहे का, ते तपासायला सांगतील. लवकर कळलं तर तिला शिकवता येतं." सणाला मुंबईहून आलेल्या नवऱ्याकडे सेजलने तो विषय काढला, तर दीपेश उखडलाच.

"एकदा शिक्का बसला ना, की लाइफभर पोरगी येडी म्हणून फिरेल! आज लोक तिच्या पाया पडतात, ते बघवत नाय तुला? तूच मोबाईल देऊन देऊन तिला मुकी केलीस!"

आपल्याच लेकराची वैरीण ठरवली जाण्याहून दारुण वेदना आईला दुसरी कुठली असेल?

ढोल जवळ आले. रंगूबाईंनी नातीला ओढतच अंगणात आणलं. पालखी दारात नाचू लागली, आणि सलोनी किंचाळत स्वतःचंच मनगट चावू लागली. माणसं कुंकू घेऊन पुढे सरसावली. रंगूबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, हात जोडून म्हणाल्या, "बोल माऊली, काय पायजे तुला? मागशील ते देईन!"

सलोनीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने आजीचे ते जोडलेले हात धरले, जोर लावून एकमेकांपासून सोडवले आणि आपल्या दोन्ही कानांवर घट्ट दाबून धरले...

रंगूबाई थिजल्या. नातीचा सारा देह त्यांच्या तळव्यांखाली थरथरत होता. देवी आपल्याच ढोलांना कशी भिईल!

"ढोल थांबवा! थांबवा रे!" त्या ओरडल्या.

"रंगूबाय, देवीचा मान हाय तो," पालखीचे मानकरी भागोजी दरडावले. "मुक्या पालखीला वाडी नावं ठेवील."

"ठेवू दे! देवी आय हाय ना? मंग तिला कळंल. पोर भ्यायलंय माझं... आन् मी त्याची पूजा करीत बसले!"

ढोल थांबले. रंगूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"दीपेश, उद्या महाडला न्यायची हिला. शिक्का बसायचा तर माझ्या कपाळावर बसू दे. पण पोरीला काय होतंय ते कळू दे."

दीपेशने मान खाली घातली. "नेतो, आई," तो कसाबसा म्हणाला.

पालखी पाटावर टेकली. देवीची पहिली ओटी भरायचा मान घरातल्या थोरलीचा. रंगूबाईंनी तो आजवर सुनेला दिला नव्हता. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. खालच्या आळीत अजून कुणीतरी टिमकी बडवत होतं आणि सलोनीने आजीचे हात सोडले नव्हते.

"सेजल," रंगूबाई हुंदका आवरत म्हणाल्या, "ओटी तू भर गो, बाय. माझे हात मोकळे नायत."