पिंपळझरीला गेलेलं चालतं घर

बोरच्या जंगलात आम्ही शिरलो ते वाघ पाहायला नव्हे. आमची पिंपळझरी तिथं आत आहे. म्हणजे होती. जंगल राखायचं म्हणून गाव उठलं, लोकांनी बाहेर घरं बांधली, पण माझ्या बापानं लावलेला पिंपळ अजून उभा आहे. यंदाच्या हिवाळ्यात जुन्या गावकऱ्यांना एका दिवसाची परवानगी मिळाली. सकाळी आत जायचं, पिंपळाखाली बुद्धवंदना घ्यायची, जेवायचं आणि ऊन उतरायच्या आत बाहेर. माहेरची सारी माणसं येणार होती, आणि त्यांच्यासमोर मला थाटात जायचं होतं.

साखरेच्या आजारानं माझा डावा पाय गुडघ्यावरून गेला. उजवा नुसता लोंबतो. माहेरच्या कोणी मला चाकाच्या खुर्चीत पाहिलं नव्हतं, कारण मी पाहू दिलं नव्हतं. लग्नं टाळली, मयती टाळल्या. माझी चुलत बहीण जिजाबाई म्हणे चारचौघांत सांगत होती, "कमलाची जीभ होती तेवढी, आता ते बी बसली." ते ऐकलं आणि मी रुपेशला म्हटलं, गाडी काढ.

रुपेश माझा मुलगा. नाचणगावला गाड्यांच्या बॉडी बांधतो. त्यानं शाळेची जुनी बस घेऊन तिचं चालतं घर केलं होतं. मागच्या दाराला खुर्ची चढवायचा उतार, आत मधोमध खुर्ची फिरेल एवढी वाट, खाली पत्र्यात लोखंडी कड्या. गाडी चालू असताना खुर्चीची चाकं पट्ट्यांनी त्या कड्यांना बांधायची. एका बाजूला झोपायची फळी, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी आणि शेगडीला लागून, सरकत्या दाराआड, संडास. तो बांधताना रुपेश रविवारभर माझ्या खुर्चीत बसून गाडीत फिरला होता. पाय टेकायचा नाही असं ठरवून. जिथं त्याचा हात पोचला, तिथं त्यानं धरायला दांडा ठोकला.

मी पाहिलं आणि काय म्हटलं? "भाकर थापाची तिथंच बसाचं? कुत्रं बी दूर जाते बापा."

माझी सून काजल शाळेत शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "आई, दार लागते. टाकी खालून वेगळी आहे. वास येत नाई."

"तुह्या माहेरी चालत असंन."

मग मी त्या संडासात जेवणाचं सामान भरायला लावलं. कांद्याची पोती, चटया, पातेली, गुंडाळलेली सतरंजी. दार कसंबसं सरकलं. आणि आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला तोंड लावलं नाही. म्हटलं, एका दिवसाचं तर आहे, निभेल.

फाटकावर लक्ष्मणराव गाडीत चढला. आमच्याच गावचा, माझ्या धाकट्या भावाच्या बरोबरीचा, आता जंगलात वाटाड्या. त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. सगळीकडं नजर फिरवून म्हणाला, "कमलाबाई, हा तं महालच झाला. आनि या दाराच्या मांगं काय जी?"

"कोठी," मी म्हटलं.

काजलनं माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

सकाळचं ऊन सागाच्या पिवळ्या पडलेल्या पानांतून खाली उतरत होतं, कुसळी गवत कंबरेएवढं वाढून दोन्ही बाजूंनी गाडीला घासत होतं, आणि दूर कुठं तरी भेकर ओरडलं की लक्ष्मणराव बोट वर करून आम्हाला गप्प करत होता. रस्ता म्हणजे नुसते दगड. बस डुलायची, खुर्ची पट्ट्यांत कुरकुरायची. आणि साखरेच्या माणसाला पाणी न पिताही लघवी धरवत नाही, हे मी विसरले होते. एकेक गचका पोटात बसत होता.

काजल खुर्चीजवळ वाकली. "आई, सामान बाहेर काढतो. दोन मिन्टांचं काम आहे."

"त्याच्यासमोर?" मी लक्ष्मणरावाच्या पाठीकडं डोळे केले. "आज संध्याकाळपर्यंत सारं गाव हसंन. गप राह्य."

थोड्या वेळानं मात्र घाम सुटला. मी ओरडले, "रुपेश, थांबव गाडी. मले मळमळून राह्यलं."

"इथं उतरता येत नाई," लक्ष्मणराव म्हणाला. "समोर नाला आहे. पिल्लंवाली अस्वल हिंडून राह्यली इकडं."

"मंग उलटी काय तुह्या टोपीत करू?"

तो हसला आणि तिथंच चुकला. "बरं, दाराशीच राह्यजा. पुढं पाऊल टाकू नोका."

उतार खाली आला. रुपेशनं खुर्ची उतरवली. पण दाराशी राहून माझं काय होणार होतं? मी झुडपाकडं बोट केलं. रुपेशला उमगलं, बिचाऱ्याचा चेहरा पडला. तरी त्यानं खुर्ची ढकलली. काजल शाल घेऊन मागं आली. नाल्याकाठची वाळू भुसभुशीत. पुढची लहान चाकं रुतली. मागची फिरेनात. रुपेश खाली वाकून वाळू उकरू लागला.

झुडूप हललं.

आधी एक पिल्लू दिसलं, काळं, धुळीनं माखलेलं. मग दुसरं. आणि त्यांच्यामागून ती उठली. दोन पायांवर!

"माय, हलू नोको," रुपेश कुजबुजला. मी कुठं हलणार होते?

गाडीच्या दारातून लक्ष्मणरावानं पत्र्यावर काठी हाणायला सुरुवात केली. ठण् ठण् ठण्! अस्वलीनं मान वळवली. तेवढ्यात रुपेशनं मला खुर्चीतून उपसलं, खांद्यावर टाकलं आणि पळाला. काजल पुढं. मागं फुरफुर. खुर्ची उलटल्याचा आवाज. उतारावर रुपेशचा पाय घसरला. तो पडला, पण मला सोडलं नाही. त्याचा खांदा पत्र्यावर आपटला आणि काहीतरी कडकन वाजलं. काजलनं माझे दोन्ही हात धरून मला आत ओढलं. लक्ष्मणरावानं रुपेशला कॉलर धरून घेतलं. दार बंद! बाहेरून दारावर नखं घासली.

आणि तेव्हा मला कळलं. माझं सुटलं होतं. आत्ता नव्हे, मघाच. लेकाच्या खांद्यावर. त्याचा शर्ट पाठीपर्यंत भिजला होता.

रुपेश फळीला टेकून बसला, उजवा हात लोंबत होता, ओठ पांढरे. तो माझ्याकडं पाहत नव्हता. वेदनेनं असेल, पण मला वाटलं माझ्यासाठीच. लक्ष्मणराव खिडकीकडं तोंड करून उभा राहिला आणि अस्वल जाण्याची वाट पाहण्यात फारच गुंग झाला. मी पत्र्यावर पडून होते.

काजलनं कोठीचं दार सरकवलं. पोती बाहेर ओढली, पातेली फळीखाली ढकलली. कांदे गाडीभर गडगडले. मग तिनं मला काखेत धरलं.

"दांडा धरा आई. हो, तोच. आता वजन माह्यावर टाका."

हात आपोआप दांड्यावर गेला. जिथं हवा, तिथंच होता तो. तिनं दार लावून घेतलं. बादलीतलं कोमट पाणी ओतलं, साबण लावला, लुगडं बदललं. वास आला नाही, खरंच. मी म्हटलं, "काजल, मी..." तर ती म्हणाली, "हात उचला जरा, पदर भिजून राह्यला." एवढंच.

अस्वली पिल्लांना घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला गेली, तेव्हा लक्ष्मणराव दोर घेऊन उतरला आणि खुर्ची ओढून आणली. बैठक फाटली होती, एक चाक वाकलं होतं. सपाट पत्र्यावर कशीबशी फिरत होती, मातीत फिरली नसती.

"मांगं वळू," मी म्हटलं. "याले दवाखान्यात न्या."

"इथं गाडी वळत नाई," लक्ष्मणराव म्हणाला. "पिंपळझरीच्या मोकळ्या जाग्यातच वळंन. नाला तं पार कराच लागते."

"चालवंन कोन?"

काजल आधीच पुढं बसली होती. तिला मोठी गाडी चालवता येते हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. रुपेशचा हात तिनं आपल्या ओढणीनं गळ्यात बांधला होता. लक्ष्मणरावानं माझ्या खुर्चीला पट्टे घातले.

गाडी पाण्यात उतरली. गोटे चाकांखाली सरकत होते. मधोमध आल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बस एका अंगाला कलली. पोती सरकली आणि माझ्या खुर्चीवर आदळली. वाकड्या चाकाचा पट्टा सुटला! खुर्ची गर्रकन फिरली. मी दोन्ही हातांनी उघड्या दारातला संडासाचा दांडा पकडला आणि लोंबकळले.

"धरून राह्यजा!" काजल ओरडली.

"तू चालव! माह्याकडं पाहू नोको!"

इंजिन लागलं. चाकं गरगरली, चिखल उडाला, बस थरथरत वर चढली. माझे हात सुजले, पण सुटले नाहीत.

पिंपळझरीत पोचलो तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. पिंपळ दिसला. पडक्या जोत्यांच्या आणि दगडांच्या पलीकडं, बापाच्या हातचा, आभाळभर पसरलेला. खुर्ची तिथवर जाणार नव्हती. रुपेशचा हात धड असता तर त्यानं मला उचलून नेलं असतं. तो हात मीच मोडला होता.

"चार जन बोलावू का, माय?" त्यानं विचारलं.

"नको. सामान उतरवा. आपन परत फिरू."

माणसं गाडीभोवती जमली. कोणी खुर्चीकडं पाहिलं, कोणी वाकड्या चाकाकडं. जिजाबाई उताराच्या पायथ्याशी आली. मी तिच्या जिभेची वाट पाहत होते. पण ती काही बोलेना. तोंड आवळून, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकत उभी होती. तिच्यामागं गावच्या आणखी म्हाताऱ्या, तशाच. सकाळपासून जीपमध्ये, उतरायची बंदी, इथं चहूकडं उघडं रान आणि पुरुषच पुरुष. मी ते उभं राहणं ओळखलं. त्या दिवशी माझ्याइतकं कोण ओळखणार होतं?

लक्ष्मणराव शेजारीच कांदे गोळा करत होता. सांगायची लाज वाटत होतीच, पण सांगितलं.

"जिजा, वर ये. आत संडास आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "गाडीत?"

"गाडीत."

"तू जातं त्याच्यात?"

"आज गेलो. सुनेनं नेलं. आनि आधी गेलो असतो तं पोराचा हात मोडला नसता."

मग जिजाबाई कठड्याला धरून वर चढली. जाताना म्हणाली, "सरक, वाट अडवून बसली." मी खुर्ची फळीकडं ओढून घेतली. एकेक करून साऱ्या आत जाऊन आल्या, आणि प्रत्येकीसाठी मी मागंपुढं सरकत राहिले. पिंपळाखाली वंदनेचा आवाज सुरू झाला तेव्हा काजल गाडी वळवत होती. मी बसल्या जागी हात जोडले.

गाडी परतीच्या वाटेला लागली. रुपेश फळीवर टेकून डोळे मिटून होता. शर्ट बदलला होता त्यानं. त्याच्याकडं पाहायचं मला धाडस होत नव्हतं.

"माय," तो डोळे न उघडताच म्हणाला, "दांडा बरोबर आहे का? जिजामावशीले आतून बोलताना आयकलं मी, हात पुरत नाई म्हने. मी तं माह्या हातानं माप घेतलतं."

"मले काऊन विचारतं?"

"मंग कोनाले विचारू? तुह्यासाठीच बांधला ना."

पुढं लक्ष्मणराव काजलला वाट दाखवत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"दोन बोटं खाली घे," मी म्हटलं. "बसून उठाले सोपं जाईन मले."

"घेतो," रुपेश म्हणाला.