दुसऱ्या पेनाचा रंग

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत एक माणूस होता आणि एक यंत्र. दोघांनी मिळून तिसऱ्याला जागाच ठेवली नव्हती.

"या ना," तो म्हणाला. "पोट आत घेतो."

"तुमचं की यंत्राचं?" तिने विचारलं.

"त्याला पोट नाही हो. नुसता हात आहे."

ती जिन्याने गेली. चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचली, तर तो माणूस तिच्याच कामाच्या खोलीच्या दाराशी यंत्राला टेकून उभा! देवाने गाठ घालायची ठरवली की आपण जिन्याने जाऊन तरी काय होणार?

कलासंग्रहालयात तिचं काम जुन्या फायली उघडण्याचं. संगणक नवे होते त्या काळात काही मंडळींनी त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली होती. पडद्यावर नव्हे, कागदावर. यंत्राच्या हातात पेन अडकवायचं, आणि फायलीतल्या सूचनांप्रमाणे ते रेघा ओढत जायचं. ते कागद केव्हाच विरले; उरल्या फ्लॉप्या. त्या वाचायच्या, बिघडलेलं सांधायचं आणि चित्र पुन्हा उभं करायचं — तेही असं की आपला हात कुठे दिसता कामा नये. या नियमावर तिची इतकी श्रद्धा, की कशालाही बोट न लावता ती चिमट्यानेच उचलायची; सगळे तिला 'चिमटाबाई' म्हणत. घरीही तीच तऱ्हा. ताई वैतागायची, "पडद्यांचा रंग विचारला तर म्हणतेस, तुला आवडेल तो. उद्या नवराही मीच निवडू का?"

तो पेन-यंत्रांचा मेकॅनिक. असलं चालू यंत्र आसपास त्याच्याकडेच होतं. काम संपेपर्यंत संग्रहालयाने ते मागून आणलं होतं. तो यंत्राला तेल घालायचा आणि तिला गळ.

"रविवारी नदीकाठी येता का? नुसतं चालायला."

"काम संपू दे."

"काम संपलं की मी यंत्र घेऊन जाणार. मग काय भिंतीला विचारू?"

ती चिमट्याने फ्लॉपीवरचा धुळीचा कण उचलत राहिली... कण केव्हाच निघाला होता.

चित्र मात्र अडून बसलं. निम्म्या वाटेवर यंत्र पेन वर उचलायचं आणि तसंच थांबायचं.

"मला वाटतं, ते कशाची तरी वाट बघतंय," तो म्हणाला.

"यंत्रं वाट बघत नाहीत. अडकतात."

"आणि माणसं?"

तिने फाईल उघडून पाहिली. फायलीत त्या जागी नुसतीच थांबण्याची सूचना होती, ना आगा ना पिछा. फ्लॉपी बिघडल्यामुळे घुसलेला कचरा समजून तिने ती काढून टाकली. यंत्र न अडखळता शेवटपर्यंत गेलं. काळ्या रेघांची दाट जाळी — नीटनेटकी, निर्दोष.

दुसऱ्या दिवशी, ज्यांची ती फाईल होती त्या चित्रकार बाई आल्या. कधीकाळी गणित शिकवणाऱ्या, आता काठी टेकत चालणाऱ्या. त्यांनी होकार दिला तरच चित्र भिंतीवर जाणार होतं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझं नाही."

"बाई, एकेक रेघ तुमच्याच फायलीतली आहे."

"रेघा माझ्याच. पण यंत्र मध्ये थांबलं नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "थांबत होतं," ती म्हणाली. "मी... मीच ती सूचना काढली."

"काढलीस! अगं, तिथेच तर पेन बदलायचं. पुढच्या रेघा दुसऱ्या रंगात. हे म्हणजे दोघांचं गाणं एकट्यानेच आळवलं!"

"पण कोणता रंग? कुठेच लिहिलेला नाही."

"नसणारच. यंत्राजवळ जो उभा असेल, त्याने निवडायचा. सगळं मीच ठरवलं असतं तर मग माणसाचं काय काम?"

"मग आज तुम्हीच सांगा."

"मी नाही, तू. नाहीतर फ्लॉप्यांचं खोकं मी घरी नेते. निजू देत बिचाऱ्या."

तिने सूचना पुन्हा जागेवर घातली. नवा कागद लागला. यंत्र निम्म्या वाटेवर आलं, पेन उचललं, थांबलं. मेकॅनिकने पेनांचा डबा पुढे केला.

"तुम्ही निवडा ना," ती हळूच म्हणाली.

"छे! मी नुसता डबा धरणारा."

एरवी बडबड्या माणूस, नेमका आता मुका! तिचा हात डब्यावर फिरत राहिला. चुकलं, तर जन्मभर भिंतीवर दिसणार. आणि बरोबर आलं, तरी दिसणारच...

"जांभळा."

"काळ्यात उठून दिसेल?"

"दिसेल. मला हाच हवाय." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

पेन तिनेच अडकवलं. यंत्राचा हात हलू नये म्हणून त्याने तो धरला होता. बोटाला बोट लागलं... दोघांनीही ते काढून घेतलं नाही. मग यंत्र निघालं. काळ्या जाळीतून जांभळ्या रेघा अशा वाहत गेल्या, जशी दाट झाडीतून संध्याकाळ उतरावी.

बाई कागदावर वाकल्या. एकेक जांभळी रेघ शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "हं. हे माझं." आणि कोपऱ्यात सही केली.

काम संपलं. मेकॅनिक मुकाट्याने वायर गुंडाळू लागला.

"रविवारी नदीकाठी नको," ती म्हणाली.

त्याचा हात थबकला. "बरं."

"टेकडीवर जाऊ. सकाळी. आणि हा चौकडीचा शर्ट घालू नकोस, मला नाही आवडत."

"...मग काय आवडतं?"

"तू," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

"मी काही पाहिलं नाही," खिडकीकडे तोंड करून बाई म्हणाल्या, "पण कान शाबूत आहेत. आणि वायर कसली गुंडाळतोस रे? खोक्यात पुष्कळ चित्रं बाकी आहेत. लाव दुसरा कागद!"

त्याने प्लग पुन्हा भिंतीत खोचला आणि कागदाचं एक टोक उचललं. दुसरं टोक धरायला ती पुढे झाली.