पुढच्या चाकातली हवा

भुतांवर तिचा विश्वास नव्हता. मेकॅनिकवर तर त्याहून नव्हता.

तरी त्या दुपारी ती सासऱ्यांची जुनी मोटरसायकल घेऊन मिस्त्रीच्या दुकानात गेली. सोमवारपासून तिची बदली घाटापलीकडच्या दवाखान्यात झाली होती. चाळीस किलोमीटर जंगलातला रस्ता, जाता-येता एकटी. वळणावर पुढचं चाक बसलं की थेट दरी. "चाकांचं काहीतरी कर, नाहीतर गाडी विकू," असं नवऱ्याने बजावलं होतं. आणि एक वेळ नवरा विकला असता, पण गाडी विकणं तिच्या जिवावर आलं असतं.

"ट्यूबलेस करू, की ट्यूबच ठेवू?" तिने विचारलं.

मिस्त्री म्हातारा, बोलायला कंजूष. तो खाली बसला आणि पान्याने पुढच्या चाकाचा एकेक स्पोक वाजवत गेला. टण… टण… सगळ्यांचा एकच सूर.

"कुणी बांधलंय हे चाक?"

"मामंजींनी. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

"काय हात होता हो माणसाचा!" मिस्त्रीने चाकाला चक्क नमस्कार केला. मग म्हणाला, "ट्यूब फुटली की क्षणात बसते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, माणूस घरी पोचतो. पण स्पोकच्या रिमला भोकं असतात. एकूण एक बुजवावं लागेल… टायर टणक आहे. हवा कोण भरतं?"

"मागची मी. पुढची आमचे हे."

खात्री करायला तिने घरी फोन लावला.

"मी?" नवरा म्हणाला. "मला वाटलं, दोन्ही तूच भरतेस."

"आमचा संसार असाच चालतो, मिस्त्री. एकमेकांच्या भरवशावर," ती हसली.

मिस्त्री हसला नाही. त्याने वाल्व काढला. हवा फस्सकन सुटायला हवी होती. ती सावकाश आली. उबदार. शेवटी शेवटी मामंजींच्या खोलीत यायचा, तसा खोकल्याच्या औषधाचा वास त्या हवेला होता. मध्येच थांबली… आणि पुन्हा यायला लागली.

टायर उतरवून मिस्त्रीने ट्यूब बाहेर ओढली. ती वीतभर फाटलेली होती. चिरेच्या कडा सुकून तडकलेल्या.

"ताई… हिच्यात वर्षानुवर्षं हवा राहिलेली नाही."

"मग मी आत्ता… कशावर आले?"

मिस्त्रीने ट्यूब हलकेच भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

तिने चाकावरून हात फिरवला. सासऱ्यांनी जिवंतपणी तिला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. आणि तीन वर्षं, प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक वळणावर… केवढी छाती म्हाताऱ्याची!

"ट्यूबलेसच करा," ती म्हणाली. "त्यांना आता किती दमवायचं?"

दुसऱ्या संध्याकाळी ती गाडी न्यायला आली. मिस्त्रीने सगळी भोकं बुजवून हवा भरली होती. चाक तिच्यासमोर पाण्याच्या टाकीत फिरवलं. एक बुडबुडा आला नाही.

"तुम्हीही कमाल आहात हो, मिस्त्री," ती मनापासून म्हणाली.

त्याचं लक्ष भिंतीकडे होतं. "कालपासून… असंच चाललंय, ताई."

खिळ्यावरची फाटकी ट्यूब हळूहळू फुगत होती, बसत होती. पुन्हा फुगत होती.

तिने नकळत डोक्यावर ओढणी घेतली. एक पाऊल पुढे झाली.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "माझी सोय झाली. सोडा आता…"

ट्यूबने सावकाश छाती भरून हवा आत घेतली. टम्म झाली.

आणि सोडलीच नाही.