पार्सल गंगेवर आहे

"बाथरूममध्ये नाही!" रुद्रने जाहीर केलं.

"गाद्यांच्या मागंही नाही!" त्याची ताई हर्षाली ओरडली.

"फ्रिजमध्ये नाही," बाबा म्हणाले. मांजर फ्रिजमध्ये असण्याची शक्यता तशी कमीच होती. पण शोधता शोधता त्यांना आंबावडीचा डबा सापडला होता आणि त्यांचा शोध तिथंच थांबला होता.

हे कुटुंब कालच नांदगावहून नाशिकला राहायला आलं होतं. द्वारका चौकापलीकडची सोसायटी, सी विंग, चौथा मजला. वर फक्त गच्ची. टेम्पोतून कपाट आलं, गाद्या आल्या, तीन वर्षं बंद असलेला मिक्सरसुद्धा आला. आलं नव्हतं ते फक्त पार्सल.

पार्सल हे मांजराचं नाव. नांदगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, गोण्यांमागं ते पिल्लू सापडलं होतं. सोडवून न्यायला कुणीच आलं नाही, म्हणून रुद्रने सोडवून आणलं. तेव्हापासून ते रोज त्याच्या पायाशी झोपायचं. काल पायाशी नुसती चादर होती.

"पहाटे छतावरून कुणीतरी चालत होतं," रुद्र म्हणाला. "मोजे घालून."

"नव्या घराला आवाज असतातच," आई म्हणाली. "घर आपली ओळख करून घेत असतं."

रुद्रने वर पाहिलं. छत पांढरं आणि गप्प होतं. बंद खोक्यांवरून उन्हाचा एक पट्टा सावकाश सरकत होता. या घराला अजून कसलाच वास नव्हता, नुसता रंगाचा होता.

"पातेलं आणलं की आज दूध उतू घालू," आई म्हणाली. नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं. एरवी दूध उतू गेलं की बोलणी बसतात. या एका दिवशी कौतुक होतं.

"पार्सल आल्याशिवाय नाही!" रुद्र म्हणाला. "सांडलेलं दूध नेहमी तेच चाटतं. त्याच्याशिवाय घर लागलं तर मग ते त्याचं घर होणारच नाही!"

आईने दुधाची पिशवी चाचपून पाहिली. शेवटी आई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबते. फ्रिज अजून सुरू नाही; त्यापुढं दूधच थांबणार नाही, नासेल."

"मांजर आहे, येईल आपोआप," बाबा म्हणाले. "नवा पत्ता कळला की."

एवढ्यात दारात ओवेस आला. दुसऱ्या मजल्यावरचा, हर्षालीच्याच वयाचा. काल सामान चढवताना तो मदतीला आला होता, म्हणजे जिन्यात उभा राहून "डावीकडं घ्या, डावीकडं!" असं ओरडत होता.

"टेम्पोवाल्याला फोन लावला का?" त्याने विचारलं.

हे अजून कुणालाच सुचलं नव्हतं. हर्षालीने आईच्या फोनवरून भिकनला फोन लावला. टेम्पोवाला भिकन सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा. मागं इंजिन धडधडत होतं.

"भिकनदादा, पार्सल कुठं ठेवलंत?"

"पार्सल? गंगावर शे ना ते! भाऊनी सांगं तठेच..."

खर्र आवाज आला आणि फोन कटला. पुन्हा लावला तर नंबर आवाक्याबाहेर!

"गंगेवर आहे? बाबांनी सांगितलं तिथंच?" हर्षाली गोंधळली. "नाशकात गंगा कुठली? इथं तर गोदावरी आहे."

"नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाचा पेपर म्हणतो," ओवेस म्हणाला. "बाकी सगळे गंगाच म्हणतात. गंगेवर म्हणजे नदीवर, घाटावर. मी जन्मापासून इथं राहतो, मला शिकवू नको. पण यार... नको असलेलं मांजर लोक असंच लांब नेऊन सोडतात. गोणीत घालून..."

रुद्रचा चेहरा पाहून त्याने वाक्य गिळलं. पण थोडं उशिरा.

"बाबा! तुम्ही भिकनदादाला काय सांगितलं होतं?" हर्षालीने विचारलं.

"मी? एवढंच म्हटलं, पार्सल सगळ्यात वर ठेव. म्हणजे खोक्यांच्या वर. टोपली चेंगरू नये म्हणून. नांदगावला चढवताना म्हटलं, इथं उतरवतानाही म्हटलं." बाबांनी आंबावडी खाली ठेवली. प्रकरण गंभीर होतं.

"आम्ही गंगेवर जातो!" हर्षाली म्हणाली.

"जाताच आहात तर भांडी बाजारातून पातेलं आणा," आई म्हणाली. "आणि केरसुणी. आणि मीठ. कपडे वाळत घालायची दोरीपण." जगात कुणाचंही काहीही हरवलं तरी नव्या घरात दोरी लागतेच.

बसने रविवार कारंजा गाठला आणि तिथून उतारावरून ओवेससह तिघं भांडी बाजारात शिरली. सगळी गल्ली पिवळी आणि लाल चमकत होती. प्रत्येक घागरीत एक छोटं, पोट सुटलेलं आकाश दिसत होतं. दुकानदार पातेलं उचलायचा, बोटाने टिचकी मारायचा आणि ते 'टणण' करून बराच वेळ स्वतःशीच बोलत राहायचं. रुद्रने डोळे मिटून पातेलं निवडलं, आवाजावरून. एक छोटं, पितळेचं, आतून कल्हई केलेलं.

"नाव घालायचं?" दुकानदाराने विचारलं.

"पार्सल," रुद्र म्हणाला.

"नाही नाही, इथं नाव घालायचंय. पार्सल नंतर बांधून देतो."

"नावच पार्सल आहे," हर्षाली म्हणाली.

दुकानदाराने रुद्रकडं पाहिलं. हल्ली मुलांची नावं कशी ठेवतात याचा त्याला अंदाज होता. त्याने यंत्र सुरू केलं आणि पितळेवर टकटक करत बारीक ठिपक्यांत अक्षरं उमटवली : पार्सल, नांदगाव.

घाटावर आल्यावर मात्र तिघांचे पाय आपोआप मंद झाले. मे महिन्याची दुपार पाण्यात पाय सोडून बसली होती. धुतलेल्या साड्या पायऱ्यांवर पसरल्या होत्या, लांबच लांब, जणू नदीनेच आपले जुने रंग वाळत घातलेत. कुठल्यातरी देवळात घंटा वाजली आणि तिचा आवाज पाण्यावरून पलीकडं चालत गेला. रुद्रने पातेलं पाण्याला टेकवलं, तर तेही हळूच वाजलं. क्षणभर तो कशासाठी आलाय हेच विसरला. मग आठवलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"पार्सल! ए पार्सल!" तो ओरडला.

लगेच तीन माणसांनी वळून पाहिलं. एकजण म्हणाला, "चहाचं का? इकडं आण!"

मांजरं सापडली. एक काळं, एक कान फाटलेलं, एक पुलाखाली झोपलेलं आणि झोपूनच राहिलेलं. पार्सलसारखं पिवळं एकही नाही. शेवटी त्यांनी फुलं विकणाऱ्या वत्सलाबाईंना विचारलं.

"मावशी, काल इथं कुणी मांजर सोडलं का? टेम्पोतून आणून?"

"मांजर?" वत्सलाबाई हसल्या. "पोरांनो, गंगेवर लोक पाप सोडायला येतात. मांजर कशाला सोडतील? पाप परत येत नाही असं म्हणतात बाबा. मांजर मात्र आपल्याआधी घरी पोचतं! आणि इथं टेम्पो कुठून येणार? काल सकाळपासून पोलिसांनी रस्ता अडवून ठेवलाय. माझी फुलंसुद्धा डोक्यावरून आली."

जाताना त्यांनी रुद्रच्या हातावर झेंडूचं फूल ठेवलं. फुकट. त्यामुळे त्याला जास्तच रडू आलं.

परतीच्या बसमध्ये केरसुणी ओवेसच्या मांडीवर होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या नाकात शिरत होती.

टेम्पो घाटावर गेलाच नव्हता. मग भिकनदादा खोटं का बोलेल? हर्षाली खिडकीतून बाहेर बघत विचार करत होती. सोसायटी आली. मागच्या रस्त्याने इमारतींची पाठ दिसत होती, आणि अगदी वर, गच्चीच्या कठड्याखाली, उडत चाललेल्या निळ्या रंगात काही अक्षरं होती. पहिल्या इमारतीवर 'दारणा'. दुसरीवर 'कादवा'.

तिसरी त्यांची.

"ओवेस," हर्षाली हळूच म्हणाली, "आपल्या सी विंगचं नाव काय?"

"सी विंग."

"वर बघ."

ओवेसने वर पाहिलं. जन्मापासून पहिल्यांदाच.

गंगा.

बिल्डरला नद्यांची आवड होती. पाणी टँकरचं होतं, ती गोष्ट वेगळी.

"भिकनदादा नाशिकचा नाही!" हर्षाली ओरडली. "त्याला गंगा म्हणजे ही इमारत वाटली! टेम्पो याच रस्त्याने आला, त्याने नाव वाचलं! गंगेवर म्हणजे..."

"गंगेच्या वर!" ओवेस म्हणाला.

"सगळ्यात वर!" रुद्र ओरडला. "मोजे घालून चालणारं! ते पार्सलच होतं!"

बस थांबण्याआधीच तिघं दारात उभी होती.

गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या धोंडीरामकाकांकडं असायची. काका सोसायटीचे सेक्रेटरी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. तिथं त्यांच्या हाताखाली मोठमोठी यंत्रं होती. आता एक किल्ली उरली होती आणि ती ते त्याच तोऱ्यात सांभाळत.

"गच्ची मीटिंगशिवाय उघडत नाही, बाळांनो," काका म्हणाले. "काल टाकीच्या कामासाठी तासभर उघडली होती. मी जातीने पाहून कुलूप लावलं. वर चिटपाखरू नाही!"

"पण काका, मांजर..."

"मी पाहिलंय म्हणजे नाही!"

"बाहेर केवढं ऊन आहे!" रुद्र म्हणाला. "त्याला पाणी कोण देणार?"

"रविवारी मीटिंगमध्ये विषय मांडू," काका प्रेमाने म्हणाले.

हर्षाली आणि ओवेस रुद्रला घेऊन जिन्यात आले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तुझ्या पार्सलला काय आवडतं?" ओवेसने विचारलं.

"सुकट!" हर्षाली म्हणाली. "नांदगावला शेजारी भाजली तरी भिंतीवर चढायचं."

"अम्मी!" ओवेस ओरडतच घरात घुसला.

त्याच्या अम्मीने, सिताराचाचींनी, आधी "आत्ता? या वेळी?" असं विचारलं. मग सगळी हकिकत ऐकून तव्यावर मूठभर सुकट टाकली. पाच मिनिटांत वास तिसऱ्या मजल्यावर पोचला. धोंडीरामकाका दार उघडून बाहेर आले.

"हा काय प्रकार आहे? कुठं चाललात तवा घेऊन?"

"वर, काका," ओवेस म्हणाला. "कुलपाला हात लावत नाही. तुम्हीच चला ना बघायला!"

नियम मोडला जाताना हजर राहणं हे कर्तव्यच. काका मागोमाग निघाले. त्यांच्या मागं आई, बाबा आणि सिताराचाची. सगळे गच्चीच्या बंद दारापाशी जमले. ओवेसने तवा जमिनीवर ठेवला. हर्षाली आणलेल्या नव्या केरसुणीने दाराखालच्या फटीकडं वारा घालू लागली.

"पाहिलंत? कुणी नाही," काका म्हणाले. "मी जातीने..."

दाराखालच्या फटीतून एक पिवळा पंजा बाहेर आला.

तो डावीकडं चाचपडला. उजवीकडं चाचपडला. मग काकांच्या चपलेवर विसावला. पलीकडून एक खोल, तक्रारीचं "म्याऊं" आलं.

काका पंजाकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मीटिंग न घेता कुलूप उघडलं.

पार्सल बाहेर आलं. सुकटीकडं धावलं, वाटेत रुद्र दिसला, थबकलं. आणि सुकट सोडून त्याच्या पायाला अंग घासू लागलं! तीन श्वास फक्त. मग ते सुकटीकडं गेलं. पण तीन श्वास गेले होते, सगळ्यांनी पाहिले होते.

टाकीमागं, सोलरच्या पत्र्याखाली सावलीत टोपली आडवी पडली होती. शेजारी टाकी ठिबकून साचलेलं पाणी होतं. म्हणजे काल केलेलं टाकीचं कामही नीट झालं नव्हतं. त्यामुळेच मांजर तगलं, म्हणून त्याबद्दल कुणी बोललं नाही.

"पोरांनी डोकं चालवलं," बाबा अभिमानाने म्हणाले. "माझ्यावर गेलीत."

"सगळ्यात वर ठेव, हे कुणी सांगितलं होतं?" आईने विचारलं. बाबांना एकदम आंबावडीची आठवण झाली.

धोंडीरामकाकांनी घसा साफ केला. "मी इतकी वर्षं बॉयलर तपासले. टाकीमागं डोकवायचं राहिलं." मग त्यांनी हर्षालीच्या हातात किल्ली ठेवली. "दुसरी करून आण. एक तुमच्याकडं राहू दे. तुम्ही बघून कुलूप लावता."

संध्याकाळी नव्या पातेल्यात दूध चढलं. दार उघडं होतं; काका, सिताराचाची, सगळे उभे होते. आईने पातेल्यावरचं नाव वाचलं, रुद्रकडं पाहिलं. पातेलं वळवून नाव पुढं आणलं, सगळ्यांना दिसेलसं.

दूध वर आलं. फुगलं. क्षणभर काठाशी थांबलं, आत यावं की नको असा विचार करणाऱ्या पाहुण्यासारखं. मग शुभ्र ओघ पितळेच्या अक्षरांवरून ओट्यावर आला, ओट्यावरून थेंब थेंब खाली.

आई ओरडली नाही. पार्सल खाली तयारच होतं.

घराला आता दुधाचा वास होता, थोडा सुकटीचाही. त्या रात्री छत गप्प होतं. रुद्रने पाय जरासा हलवला. पायाशी काहीतरी ऊबदार होतं, आणि ते जागचं हललं नाही.