क्षितिजा कुठे उतरली?

यमुना नाईक खुर्चीवर बसल्याच नाहीत. हातातली पिवळी बॅग त्यांनी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.

"माझी मुलगी पळून गेली, असं सगळे म्हणतात. तिचे वडीलही म्हणतात. मी इथे आलेय हे त्यांना माहीत नाही."

हेलन परेरांनी बॅगेकडे पाहिलं, मग बाईंकडे. वसईजवळच्या पापडी गावातल्या त्या लहानशा ऑफिसबाहेर 'खासगी तपास' एवढीच पाटी होती. साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून हेलनबाईंनी पोलीस खातं सोडलं, त्याला सहा वर्षं झाली होती. राग मात्र अजून सुटला नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले काशिनाथ राऊत त्यांच्यासोबत काम करायचे. माणूस सरळ, पण ऐकलं ते खरं मानणारा.

यमुनाताईंनी सगळी हकीकत सांगितली. त्या बोळिंजला राहायच्या. मुलगी क्षितिजा हॉटेलचा कोर्स केलेली. विरारच्या एका एजंटाने तिला मलेशियात, क्वालालंपूरच्या हॉटेलात नोकरी लावून दिली होती. सोबत तिचा मावसभाऊ कौस्तुभ आणि पाचूबंदरची मैत्रीण लूर्डस. त्यांना पोचवायला एजंट उमंग चौधरी स्वतः गेला होता. विमानतळावरून शहरात जायला त्यांनी एक्स्प्रेस गाडी पकडली. ती शहरात पोचली तेव्हा क्षितिजा गाडीत नव्हती. तिची बॅग तेवढी होती.

"कौस्तुभने पाहिलं म्हणे. मधल्या एका स्टेशनवर ती एका माणसाबरोबर उतरली. हा दारापाशी पोचेपर्यंत गाडी सुटली."

पुढे ते हॉटेलही खोटंच निघालं आणि बाकीचे तिघे परत आले. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. मुलगी सज्ञान आहे, गेली असेल मनाने, म्हणाले. वडिलांनी, सदानंद नाईकांनी, तिचं नावच टाकलं.

हेलनबाईंनी बॅग उघडली. कपडे, चपला, कोर्सची सर्टिफिकेटं, सगळं नीट लावलेलं होतं. पासपोर्ट तेवढा नव्हता.

काशिनाथराव हळूच म्हणाले, की पळून जाणाऱ्याला पासपोर्ट लागतोच. बाकीचं घाईत राहिलं असेल.

"नोकरी करायला गेलेली मुलगी सर्टिफिकेटं टाकून देते आणि चालत्या गाडीत भेटलेल्या माणसाचा हात धरते," हेलनबाई म्हणाल्या. "काशिनाथराव, तुमच्या मुलीबद्दल कोणी हे सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

काशिनाथरावांनी सर्टिफिकेटं नीट करून बॅगेत परत ठेवली.

---

उमंग चौधरीचं ऑफिस विरार स्टेशनजवळ होतं. भिंतीवर परदेशी इमारतींची चित्रं होती आणि दारात नवीन मुलं रांगेत बसली होती. ती बघूनच हेलनबाईंचा पारा चढला.

हॉटेलवाल्यांनी आपल्यालाही फसवलं, हेच उमंग पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मुलीच्या नाहीसं होण्याशी आपला संबंध नाही, म्हणाला. त्या दिवशी शहरात पुढची व्यवस्था बघायला तो आधीच्या गाडीने निघून गेला होता. जाताना तिघांना तिकिटं काढून देऊन गेला होता.

"महाग पडली, पण एक्स्प्रेसचीच काढली मॅडम. पोरं नवखी. म्हटलं, एकदा बसली की थेट शहरात, चुकायची भीतीच नको. पुढची गाडी आली तेव्हा मी एक्स्प्रेसमधून बाहेर पडायच्या फाटकाशीच उभा होतो. दुसरी वाट नाही तिथे. दोघंच आले."

"कौस्तुभ काय म्हणाला?"

"म्हणाला, ती कोणाबरोबर तरी उतरून गेली."

"कुठे उतरली, ते विचारलंत?"

उमंगने मान खाली घातली. आपल्या धंद्याला बट्टा लागेल म्हणून त्याने फार चौकशी केली नव्हती. उलट दोघांनाही गप्प राहायला सांगितलं होतं.

पायऱ्या उतरताना काशिनाथराव म्हणाले, की हाच गुन्हेगार, चेहऱ्यावरच लिहिलंय. हेलनबाईंनी नकारार्थी मान हलवली. हा भित्रा आणि हलकट आहे, पण जे बोलला ते खरं बोलला, एवढंच त्या म्हणाल्या.

---

पाचूबंदरला लूर्डस घराच्या ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. क्षितिजाचं नाव काढताच तिचे हात थांबले.

ती सांगू लागली. विमानातून उतरल्यावर क्षितिजा बाथरूमला गेली होती. कौस्तुभ म्हणाला, तू गाडीत जाऊन बस, आम्ही येतो. थोड्या वेळाने तो दोन बॅगा घेऊन आला. एक त्याची, एक ही पिवळी.

"मी विचारला, क्षितिजा कुठंय? तो म्हनाला, इथं जागा नाय, ती मागच्या डब्यात बसली. रात्रभर झोप नव्हती आंटी. मी समोरच्या सीटवर पाय टाकले, तसा डोला लागला. उठले ती गाडी थांबली तवा. शहर आला होता."

"मध्ये जाग आली नाही?"

"नाय. आनि मीच झोपले म्हनून ती गेली, असं मला रोज वाटतं." ती रडू लागली. हेलनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचा दोष नसल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

सगळ्यात शेवटी त्या कौस्तुभला भेटल्या. तो आई आनंदीबाईंसोबत बोळिंजलाच, मावशीच्या शेजारच्या इमारतीत राहायचा. शांत, नम्र मुलगा. त्याने चहा आणून दिला आणि न अडखळता सगळं सांगितलं. मधलं स्टेशन, निळा शर्ट घातलेला माणूस, दार बंद होणं. मावशीला हे सांगताना जीभ रेटत नव्हती, म्हणाला. बोलताना त्याचे डोळे भरून आले.

काशिनाथरावांचेही भरले. परतताना ते म्हणाले, "बाई, हा पोरगा खोटं बोलेल असं वाटत नाही."

"तुम्हाला वाटत नाही, हेच त्याचं भांडवल आहे."

दुसऱ्या दिवशी हेलनबाईंनी मुंबईतल्या एका ओळखीच्या प्रवासी कंपनीला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून रिसीव्हर इतक्या जोरात आपटला की काशिनाथरावांच्या हातातला कप हिंदकळला.

---

रविवारी सकाळी नाईकांच्या फ्लॅटमध्ये सगळे जमले. सदानंद खिडकीशी पाठ करून उभे होते. बायकोने परस्पर हे केलं, याचा राग त्यांच्या पाठीवरही दिसत होता. कौस्तुभ आईशेजारी बसला होता. उमंग दाराजवळ, लूर्डस यमुनाताईंजवळ.

हेलनबाई उभ्या राहूनच बोलल्या.

"क्षितिजा मधल्या स्टेशनवर उतरली, असं कौस्तुभ सांगतो. त्या रुळांवरून दोन गाड्या धावतात. एक मधली स्टेशनं घेते. दुसरी एक्स्प्रेस, ती विमानतळावर सुटते ती थेट शहरातच थांबते. उमंगने तिकिटं एक्स्प्रेसचीच काढली, पोरं मध्ये उतरून चुकू नयेत म्हणूनच. मी कंपनीकडून खात्री करून घेतली."

कौस्तुभ शांतपणे म्हणाला, की मग आपण चुकून दुसऱ्या गाडीत बसलो असू.

"उमंग एक्स्प्रेसच्या फाटकाशी उभा होता. तू आणि लूर्डस तिथूनच बाहेर आलात. म्हणजे गाडी तीच. मध्ये ती थांबत नाही, तेव्हा क्षितिजा मध्ये उतरली नाही. शहराच्या फाटकातून दोघंच बाहेर आले, तेव्हा ती तिथेही उतरली नाही. धावत्या गाडीतून माणूस विरघळत नाही. याचा अर्थ ती गाडीत चढलीच नव्हती."

काशिनाथराव बोटांवर काहीतरी जुळवत होते.

"चढली, असं कोण म्हणतं? लूर्डसने तिला पाहिलं नाही. तिने पाहिली ती बॅग, आणि ती आणली कौस्तुभने. जागा नाही म्हणून क्षितिजा मागे बसली, असं तो म्हणाला. त्याच डब्यात लूर्डस समोरच्या सीटवर पाय टाकून झोपली. जागा होती. कौस्तुभ, त्या गाडीने तू पहिल्यांदाच जात होतास. गाडी म्हटली की स्टेशनं येणारच, असं धरून तू गोष्ट आधीच रचलीस, आणि गाडी मध्ये थांबली नाही तरी तीच सांगितलीस. आणि फाटकाशी उमंग असणार हे माहीत असल्याने त्या गोष्टीत तिला मध्येच उतरवणं तुला भाग होतं. विमानतळावर तू तिला कोणाच्या हवाली केलंस?"

"मी काही केलं नाही. मावशी, तू तरी…"

"मावशीला हाक मारू नकोस," यमुनाताई म्हणाल्या.

हेलनबाई सदानंदांकडे वळल्या. आता त्यांचा आवाज चढला होता.

"गाडीबद्दल तो चुकला. तुमच्याबद्दल नाही चुकला. मुलगी मेली म्हटलं असतं तर तुम्ही प्रेत मागितलं असतं. हरवली म्हटलं असतं तर शोधायला गेला असता. पळाली म्हटलं, की बाप दार लावून घेतो. त्याला ते माहीत होतं. तुम्ही त्याचं काम सोपं केलंत."

सदानंदांनी खिडकीची चौकट घट्ट धरली.

इतका वेळ गप्प असलेल्या आनंदीबाई उठल्या. दाराची कडी लावून त्या मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पत्ता सांग."

"आई, ऐक तरी…"

"पत्ता सांग. त्याशिवाय तू इथून बाहेर पडणार नाहीस, आणि मीही."

त्याने लावलेल्या कडीकडे पाहिलं. मग पत्ता सांगितला आणि पुढचंही बोलू लागला. इथल्याच एका ओळखीतून त्याला एक माणूस भेटला होता. एक मुलगी आणून दे, तुला कायमची चांगली नोकरी देतो, असं तो म्हणाला होता. हॉटेलची मोटार मुलींना आधी नेते, लूर्डस मागून येतेच आहे, सामान मी आणतो, असं सांगून कौस्तुभने विमानतळाबाहेर क्षितिजाला त्याच्या मोटारीत बसवलं होतं. पासपोर्ट त्या माणसाने ठेवून घेतला. कौस्तुभला नोकरी मिळालीच नाही. आणि परत आल्यापासून दोन महिने तो रोज मावशीकडे जेवत होता.

यमुनाताई उठल्या आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. कोणी अडवलं नाही. मग त्यांनी टेलिफोन हेलनबाईंच्या पुढे सरकवला.

---

क्वालालंपूरच्या भारतीय वकिलातीची माणसं तिथले पोलीस घेऊन त्या पत्त्यावर गेली. एका बंद फ्लॅटमध्ये क्षितिजाला मोलकरीण म्हणून कोंडून ठेवलं होतं. दार फोडावं लागलं.

तिला आणायला सहार विमानतळावर तिघं गेली, आईवडील आणि हेलनबाई. ती फार वाळली होती. मनगटावर भाजल्याचे डाग होते. आईला तिने घट्ट मिठी मारली. टॅक्सीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला.

"मी गेल्यावर माझ्याबद्दल इकडे काय सांगितलं होतं?"

यमुनाताईंनी काही न लपवता सांगितलं.

"आणि बाबा?"

पुढच्या सीटवरून सदानंद म्हणाले, "मी खरं मानलं."

मुलीने त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. टॅक्सीने वसईची खाडी ओलांडली.

"घरी नको," मग ती म्हणाली. "आधी पोलीस स्टेशन. आज तक्रार घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. घरी यायचं की नाही, ते नंतर ठरवीन."

सदानंदांनी ड्रायव्हरला गाडी तिकडे वळवायला सांगितलं. पोचल्यावर ते आधी उतरले आणि तिच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. ती दुसऱ्या बाजूने, आईच्या मागून उतरली आणि पायऱ्या चढू लागली.