पफिनच्या सुकाणूवर

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते नवरा-बायको हयात आहेत, इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातच राहतात. मी सोळा वर्षं त्यांची शेजारीण. यातलं बरंचसं बायकोने, टॅमसिननेच, मला सांगितलं. एकदाच, आणि पुन्हा विचारायचं नाही या अटीवर.

१४ जून २०११. मंगळवार. रात्र नव्हे, भर दुपार.

टॅमसिनचा नवरा क्लेम शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्त झाला आणि त्रेसष्टाव्या वर्षी हौशी लोकांच्या शर्यतीत उतरला. फाल्मथहून अझोर्स बेटांपर्यंत, शिडाच्या लहानशा बोटीतून, एकट्याने. बाराशे मैल नुसता समुद्र.

बोटीचं नाव पफिन. तिच्यावरचं यंत्र दर तासाला जागा कळवायचं, आणि घरी कॉम्प्युटरच्या नकाशावर क्लेमचा नारिंगी ठिपका थोडा पुढे सरकायचा.

पहिले काही दिवस टॅमसिनला भीती वाटली. मग भीतीही वाटेनाशी झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, ठिपका बघायचा, चहा गार होऊ द्यायचा. बस्स.

क्लेमची बहीण मेरिअन सोबतीला येऊन राहिली होती. जिभेने तिखट. "तो तिकडे शिट्ट्या मारत असेल, आणि तू इथे वाळून चाललीस," म्हणायची.

नवव्या दिवशी, त्या मंगळवारी, समुद्रात वादळ उठलं.

साडेबाराला ठिपका सरकला नाही.

दीडलाही नाही.

मग... ठिपकाच गेला.

मेरिअनने शर्यतीच्या कचेरीत फोन लावला. यंत्र बंद पडलं असेल, जवळपास एकही जहाज नाही, वाट बघा, एवढंच ते म्हणाले.

फोन ठेवून ती वळली.

टॅमसिन खुर्चीत ताठ बसली होती. डोळे उघडे. उजवा हात पुढे, मूठ आवळलेली... काहीतरी घट्ट धरल्यासारखी.

मुठीत काहीच नव्हतं.

मेरिअनने हाका मारल्या, खांदा हलवला. उपयोग नाही. हात बर्फासारखा गार. ती मूठ सावकाश डावीकडे जायची, मग उजवीकडे. बाहेर लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि टॅमसिन बसल्या जागी कलंडत होती... सावरत होती... पुन्हा कलंडत होती.

डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक आहे, धक्का बसलाय, पांघरूण घाला, म्हणाले.

मधूनच ती पुटपुटायची.

"झोप तू. मी आहे."

आवाज टॅमसिनचाच होता, असं मेरिअन शपथेवर सांगते. पण लांबून येत होता... वाऱ्यातून आल्यासारखा.

साडेसहाला मूठ सुटली. टॅमसिनने समोरचा गार चहा ओठाला लावला आणि जेवायला काय करायचं, असं विचारलं. मधलं काहीही तिला आठवत नव्हतं.

साडेसातला ठिपका पुन्हा उमटला. तीस मैल पुढे, योग्य दिशेला.

तीन आठवड्यांनी क्लेम अझोर्सहून विमानाने घरी आला, बरगड्या बांधलेल्या. लाटेने त्याला केबिनमध्ये आपटलं होतं, सुकाणूपर्यंत सरपटताही येत नव्हतं. मेरिअन बाजारात गेल्यावर त्याने बायकोचा हात हातात घेतला.

"तू आली होतीस," तो म्हणाला. "निळा स्वेटर घालून. सुकाणू धरलंस, मला झोप म्हणालीस."

त्या दुपारी तिच्या अंगात निळाच स्वेटर होता.

टॅमसिनला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत काहीच हललं नाही. उजव्या हाताला त्याचा स्पर्शसुद्धा कळत नव्हता. त्या दिवसापासून तो हात तसाच बधिर आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही.

मग क्लेमने अगदी सहज विचारलं,

"तुझ्या शेजारी बसलेली ती बाई कोण गं?"

कुठली बाई, टॅमसिन म्हणाली.

"मला वाटलं तुझ्याबरोबर आली. तोंड नाही दिसलं, पाण्याकडे बघत होती. संध्याकाळी तू गेलीस..."

तो थांबला.

"ती नाही गेली."

ती कुठे उतरली, हे टॅमसिनने विचारलं नाही.

मागाहून बोट मालवाहू जहाजातून परत आली. क्लेम पुन्हा शर्यतीला गेला नाही, पण बोट विकलीही नाही. दर रविवारी दुपारी पफिनमध्ये जाऊन बसतो. टॅमसिनला चल म्हणत नाही. पहिल्या रविवारी निघताना एवढंच म्हणाला, सँडविच दोघांपुरते दे.

तिने दिले. अजून देते. डबा रिकामा परत येतो.

मी एकदा धक्क्यावरून त्याला पाहिलं. एकटाच होता. हळू आवाजात काहीतरी सांगत होता, आणि मध्ये मध्ये थांबत होता...

ऐकून घ्यायला.