शेजारचा कोरा चौकोन

चंद्राभोवती फिरणाऱ्या शिडशाळेत 'सांगावा' या यानाचे शीड घडीतून निम्मे उलगडले होते, आणि ते घडवणारी डॉ. शाल्मली तांडेल हर्णै बंदरातल्या आपल्या वडिलांशी बोलायला धीर गोळा करत होती.

शिडशाळा म्हणजे अवकाशात शिडे बनवण्याचा कारखाना. शीड म्हटले की आपल्याला वारा आठवतो. अवकाशात वारा नाही, पण ऊन आहे, आणि ऊन ढकलते. तळहाताला ते जाणवत नाही, कारण जोर फारच थोडा असतो. एक चौरस किलोमीटरचा आरसा उन्हात धरला, तर त्यावर जेमतेम किलोभर तांदळाच्या वजनाइतका! पण हा जोर क्षणभरही थांबत नाही. आरसा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ केला, तर त्याचा वेग दिवसामागून दिवस वाढत जातो. शेवटी तो सूर्याच्या ओढीतून सुटतो आणि पुन्हा परत येत नाही.

या शिडावरून ऐंशी हजार माणसांचे निरोप जायचे होते. प्रत्येकाला वीतभर चौकोन. शाईला वजन असते, म्हणून शाल्मलीने अक्षरे भोकांनी लिहायचे ठरवले. तिची आई वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने ओळीत भोके पाडायची; त्यावरून रांगोळी फिरवली की अंगणात ठिपके उमटत. शीड म्हणजे तोच कागद. उदबत्तीच्या जागी आता किरणसुई होती, म्हणजे प्रकाशाचीच बारीक सुई.

चूक अंदाजात झाली. माणसे नाव-गाव लिहितील, असे तिने धरले होते. लोकांनी जुन्या पोस्टकार्डासारखे लिहिले: जागा संपली की कडेने, कड संपली की उलटे धरून. भोकातून ऊन आरपार जाते, ढकलत नाही. एवढी भोके पाडली असती, तर 'सांगावा' धूमकेतूसारखा वळून सूर्याकडेच परत आला असता. वीस हजार चौकोन कोरे ठेवायला हवे होते, आणि ज्याचा चौकोन त्याने हो म्हटल्याशिवाय एकही कोरा ठेवता येत नव्हता.

"बाबा, पहिलं तुम्हालाच विचारतेय."

चंद्रापासून हर्णैला आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच. चाळीस वर्षे मासेमारीची होडी हाकलेल्या धर्माजी तांडेलांचे उत्तर अडीच सेकंदांनी आले.

"माझी दोनच अक्षरं आहेत गं बाय."

ती तिला ठाऊक होती. नऊ वर्षांपूर्वी आईने निरोप नोंदवला होता: 'जेवायला थांबले आहे.' जन्मभर होडीची वाट पाहत ती हेच म्हणत आली होती. ती वारल्यावर धर्माजींनी हट्टाने तिच्या शेजारचा चौकोन बदलून घेतला आणि लिहिले: 'आलो.'

"तुमचा तसाच ठेवला, तर लोकांकडे कुठल्या तोंडानं मागू?"

"आणि तुझ्या आईचा?"

"तो राहील. नऊ वर्षांत अकरा हजार माणसं गेली, बाबा. त्यांना विचारणार कसं?"

"मी कोरा राहिलो, तर ऊन माझ्यावर पुरतं आपटेल?"

"पुरतं."

"म्हणजे तिला मी ढकलणार!" धर्माजी हसले. "जन्मभर तिनं मला ढकलून दर्यावर धाडलं. आता माझी पाळी. ठेव कोरा."

शाल्मलीने सगळ्यांना चार ओळींचे पत्र पाठवले. आपली चूक लिहिली, आणि गेलेल्यांचे चौकोन तसेच राहतील, हेही लिहिले. नाशिकच्या एका बाईंनी उलट विचारले, "माझ्या शेजारी कोण आहे?" पण उत्तर मिळण्याआधीच त्यांनी होकार कळवून टाकला होता. तीन दिवसांत अडुसष्ट हजार होकार आले.

इतके नको होते. तिने पुन्हा लिहिले: पुरे झाले, आपापली अक्षरे परत घ्या. कोणी घेईना. दिलेले परत कसे घ्यायचे, असेच बहुतेकांचे म्हणणे पडले.

"बाबा, आता जागा आहे. तुमचं 'आलो' बसतं."

"नको."

"आई तशीच थांबून राहील. लाखो वर्षं."

"राहू दे. मी अजून इथं गरम भात खातोय, आणि तिला 'आलो' म्हणून सांगू? माझ्या पोरीचं शीड सूर्याच्या हातून सुटून जाणार. त्याच्यावर खोटं अक्षर नको."

'सांगावा' ठरल्याहून अधिक वेगाने सुटला. संध्याकाळी हर्णैच्या धक्क्यावरून तो शुक्रासारखा दिसला, तेव्हा धर्माजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "ते शीड आमच्या शाल्मलीचं."

कधीतरी, कुठल्यातरी दूरच्या ताऱ्यापाशी तो कोणाला सापडेल. ज्यांनी त्याला ढकलत तिथवर नेले, त्यांचे एकही अक्षर त्याच्यावर नसेल. बोलतील ती बहुतेक, शीड निघण्याआधीच गेलेली माणसे. एका चौकोनात एक बाई जेवायला थांबलेली असेल. शेजारचा चौकोन गुळगुळीत, अखंड आरसा. तो कोणाचा, हे शोधायला तो कोणीतरी वाकून पाहील, आणि त्याला आपलाच चेहरा दिसेल.